डाव्या बाजूचा आरसा

ती गाडी घेतली तेव्हा डाव्या बाजूचा आरसा गाडीबरोबर येत नसे. उजवीकडचा कंपनीचा, मधला कंपनीचा आणि डावीकडचा ज्याचा त्याने वेगळे पैसे देऊन बसवून घ्यायचा. शोरूममधल्या विक्रेत्याने जाड कागदावर छापलेला एक तक्ता प्रूफकाकांच्या हातात दिला होता. सीट कव्हर, पायाखालची मॅट, चिखल उडू नये म्हणून चाकांमागे लावायचे रबराचे तुकडे, गाडी झाकायचं कापड, गाणी ऐकायचा टेप आणि सगळ्यांच्या तळाशी हा आरसा. प्रूफकाकांनी सवयीने आधी शुद्धलेखनाच्या चुका पाहिल्या, मग किमती पाहिल्या, आणि तक्ता मुकाट्याने शेजारी बसलेल्या काकूंकडे सरकवला.

"बाकी राहू द्या साहेब, आरसा तरी घ्याच," विक्रेता म्हणाला. "डावीकडचं दिसणार कसं तुम्हाला?"

"मी बसणार ना तिथे," काकू म्हणाल्या. "का मी नुसती शोभेला?"

विक्रेता हसला. काकू हसल्या नाहीत, कारण त्यांनी विनोद केलेला नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. लाइन मोकळी आहे की एंगेज, एवढं सांगायचं आणि चुकायचं नाही, हे त्यांचं काम. त्यांना एका आरशापेक्षा कमी समजणं म्हणजे जरा जास्तच होतं. आरशाच्या पैशांत थोडी भर घालून त्यांनी विटकरी रंगाची सीट कव्हर घेतली आणि विषय संपला.

तेव्हापासून त्या घरची गाडी दोघं मिळून चालवत. डावीकडे वळायचं असलं की प्रूफकाका वेग कमी करत, इंडिकेटर लावत आणि नुसतं "हं?" म्हणत. काकू मान वळवून मागे बघत आणि सांगत, "मोकळं." किंवा सांगत, "एंगेज." एंगेज म्हटलं की काका थांबत, मग मागचा हॉर्नवर हात ठेवून झोपी गेला तरी ते हलत नसत.

प्रूफकाका हे नाव त्यांना छापखान्यातून चिकटलं होतं. दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रूफं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पुस्तक छापून आलं की इतर लोक पहिलं पान उघडून वास घेत. काका ते उघडायलाच भीत. काहीतरी सुटलेलं असणार, आणि ते नेमकं आपल्याकडूनच सुटलेलं असणार, ही त्यांची खात्री असे. गाडी चालवतानाही तेच. सिग्नल ओलांडला की तो खरंच हिरवा होता ना, हा प्रश्न त्यांना पुढच्या सिग्नलपर्यंत पुरे. शंका नसे ती फक्त डाव्या बाजूची. ती बाजू त्यांच्याकडे नव्हतीच.

आता गाडी म्हातारी झाली होती. टपावरचा रंग उडाला होता, विटकरी कव्हरं उन्हाने पार चहाच्या रंगाची झाली होती, आणि क्लच दाबताना गाडी आणि काकांचा गुडघा, दोघेही एकदम कुरकुरत. इमारतीतले लोक तिला ठेंगू म्हणत. नव्या उंच गाड्यांच्या रांगेत ती मोठ्या माणसांच्या फोटोत घुसलेल्या पोरासारखी दिसे.

परगावी राहणारी लेक दर रविवारी फोनवर तेच म्हणे. "बाबा, विका ती आता. सुटे भाग मिळत नाहीत, तुम्हाला झेपत नाही. टॅक्सीने फिरा ना राजासारखे. हे म्हणतात, आत्ता विकलीत तर चार पैसे येतील. आणखी थांबलात तर भंगारवाल्याला बोलवावं लागेल."

"आईला विचार," काका म्हणत.

"आईला विचारलं. ती म्हणते, बाबांना विचार."

खरं सांगायचं तर गाडीचा सोस काकांना उरला नव्हता. वाचनालय, औषधाचं दुकान, काकूंची धाकटी बहीण, एवढ्याच तर जागा. कुणी चोरून नेली असती तर त्यांनी त्याचे मनातल्या मनात आभार मानले असते. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. एक्स्चेंजमध्ये आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि काकूंना वेळेआधी घरी पाठवलं, तेव्हा त्या महिनोन् महिने खिडकीशी गप्प बसून असत. मग ही गाडी आली. गाडीत बसलं की काकूंचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा खणखणीत व्हायचा. त्यांना कुणीतरी विचारत होतं आणि त्यांनी सांगितल्याशिवाय पान हलत नव्हतं. गाडी विकायची म्हणजे बाईला दुसऱ्यांदा घरी पाठवायचं. हे लेकीला फोनवर कसं सांगायचं ते काकांना कळत नसे, म्हणून ते म्हणत, "बघू."

अशात गाडीचं ॲव्हरेज पडलं.

टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा आणि पुढच्या वेळी भरताना भागाकार करायचा, हा काकांचा एकमेव हिशेबी शौक होता. अठराची गाडी सोळावर आली, मग चौदावर. काकांनी आधी स्वतःच्या भागाकारावर संशय घेतला. मग पंपावर. शेवटी कंटाळून ते मिस्तरीकडे गेले. मिस्तरीने एअर फिल्टर बदलला, प्लग साफ केले, चाकांत हवा भरली, आणि हात पुसत म्हणाला, "काका, वय झालं तिचं. माणसाचंही तसंच ना? खाणं वाढतं, चालणं कमी होतं."

"माझं खाणं वाढलेलं नाही."

"मग ती तुमच्यावर गेलेली नाही."

"माझ्यावरही गेलेली नाही," काकू आतून म्हणाल्या. त्या गाडीतून उतरल्या नव्हत्या.

परत येताना ऊन मी म्हणत होतं. काकांनी एसी लावला. काकूंच्या बाजूची काच पूर्ण खाली होती.

"अगं, काच लाव की. गार हवा सगळी रस्त्यावर चालली आहे."

"मला गुदमरतं."

"मग एसी बंद करतो."

"आणि तुम्ही घामाने भिजणार, मग मला सर्दीचा काढा करायला लावणार. राहू द्या चालू."

काकांना वाटलं, चला, ॲव्हरेजचं कोडं तरी सुटलं. काच उघडी आणि एसी चालू, मग पेट्रोल पिणारच. पण भांडायला लागणारी ताकद त्यांच्याकडे नव्हती. म्हातारपणी माणसाला गुदमरतं, असं ते स्वतःशी म्हणाले. काच कधीपासून उघडी असते हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही. डाव्या दारावर आलेला ओरखडा, फाटकाच्या खांबाचा; त्याच्या मागचा, कचऱ्याच्या पिंपाचा; ह्यांचीही त्यांनी एकत्र चौकशी केली नाही. "लोकांना खांब कुठे उभारावेत ते कळत नाही," असं काकू म्हणाल्या होत्या आणि काकांना ते पटलं होतं.

एका शनिवारी सकाळी ते पुस्तकं बदलायला वाचनालयात निघाले. बँकेच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. काकांनी वेग कमी केला, इंडिकेटर लावला.

"हं?"

काकूंनी तोंड खिडकीबाहेर काढलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मोकळं."

काकांनी चाक वळवलं आणि दाराशी धप्प असा आवाज झाला. मोठा नव्हता. पाण्याने भरलेली पिशवी ओट्यावरून पडावी तसा. मग कुणीतरी किंचाळलं.

काका उतरून पलीकडे धावले, म्हणजे त्यांच्या परीने धावले. पार्सलं पोचवणारी एक बाई, कंपनीचा निळा शर्ट घातलेली, रस्त्यावर बसली होती. तिची स्कूटर आडवी पडली होती आणि खोकी चहूकडे पांगली होती.

"लागलं का हो?"

"नाही, झोपायला आले होते मी इथे!" ती उठली. कोपर खरचटलं होतं, विजार गुडघ्यावर फाटली होती. काकांकडे पाठ करून ती खिडकीशी गेली. "आजी, तुमच्याकडे बघून मी हात केला ना? तुम्ही सरळ माझ्याकडे बघत होतात. अगदी डोळ्यांत डोळे घालून! आणि वर ह्यांना सांगता, मोकळं? मी ऐकलं ना माझ्या कानांनी!"

काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. "आवाज आला नाही," त्या म्हणाल्या.

"कसला आवाज?"

"तुमच्या गाडीचा. काहीच आवाज नव्हता."

"बॅटरीवरची आहे ती. तिला आवाज कुठून असणार? आणि बघायला आवाज कशाला लागतो माणसाला?"

काकांनी बाटलीतलं पाणी तिच्या कोपरावर ओतलं, डॉक्टरकडे नेतो म्हणाले. ती म्हणाली, तुमच्या गाडीत? नको, उरलेला हात राहू दे. तिने खोकी उचलली, काकांनी वाकून चाकाखालचं एक काढून दिलं. काही फुटलं असेल तर कळवते म्हणून तिने त्यांचा फोन नंबर घेतला. एव्हाना तिचा राग उतरत आला होता. निघताना ती म्हणाली, "आजोबा, एक आरसा बसवून घ्या हो त्या बाजूला. फार महाग नसतो." आणि तिची स्कूटर खरोखरच काही आवाज न करता निघून गेली.

काका आत येऊन बसले. इंडिकेटर अजून टिकटिकत होता. त्यांनी तो बंद केला, इंजिन बंद केलं, मग एसीचीही घरघर थांबली.

"कधीपासून?"

काकू सीट कव्हरच्या उसवलेल्या टाक्यातून बोट फिरवत होत्या. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो ना. तुम्हाला गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून तुम्ही खालीच थांबलात."

"नंबर थोडा वाढलाय म्हणाली होतीस."

"नंबर नाही. पडदा. मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. तुमच्याकडे बघितलं की तुमचे कान दिसतात."

"कान?"

"कानच. मोठे आहेत म्हणून बरं." त्या थोड्या हसल्या आणि थांबल्या. "ह्याला औषध नाही म्हणाले. हळूहळू आणखी जाईल. मग मी म्हटलं, जाईल तेव्हा जाईल. कान तर आहेत आपले. काच खाली केली की सगळं ऐकू येतं. ट्रक कुठे, मोटरसायकल कुठे. तुम्हाला सांगते, एक्स्चेंजमध्ये तरी डोळ्यांनी कोण बघत होतं?"

"सांगायचं होतंस मला."

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकली असती."

"विकली असती."

"किंवा आरसा बसवला असता." काकूंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. "ते जास्त वाईट."

काकांना पेपर आठवत होता. गेल्या हिवाळ्यापासून काकू सकाळी पेपर त्यांच्याकडून वाचून घेत. "तुमच्या आवाजात बातमी खरी वाटते," म्हणाल्या होत्या. काकांना ते इतकं आवडलं होतं की ते आधी न्हाणीघरात जाऊन घसा साफ करून येत. एवढ्या वर्षांनी बायकोला आपला आवाज आवडू लागला, ह्या आनंदात ते होते. लोकांच्या पुस्तकांतला एकेक काना त्यांनी भिंग लावून शोधला होता, आणि जेवणाच्या टेबलावर समोरच बसलेली एवढी मोठी गोष्ट सुटली होती. त्या निळ्या शर्टातल्या बाईच्या जागी दुसरं कुणी असतं, किंवा तीच जरा वेगाने आली असती, तर? घरापर्यंत त्यांनी गाडी अशी आणली की वाटेत एकही डावं वळण लागू दिलं नाही. त्यासाठी अख्ख्या वस्तीला वळसा पडला. पुस्तकं मागच्या सीटवर तशीच राहिली.

सोमवारी ते मिस्तरीकडे गेले. काकू बरोबर आल्या. नाही म्हणाल्या नाहीत. मिस्तरीने दाराला दोन भोकं पाडली, आरसा बसवला, वरखाली करून दाखवला. टाकीभर पेट्रोलपेक्षा कमी पैसे झाले.

"इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही काका?"

"गरज नव्हती," काका म्हणाले.

काकूंनी पुढे होऊन आरशावरून हात फिरवला, जसा नव्या सुनेच्या गालावरून फिरवावा, पण तितक्या आनंदाने नव्हे. "गार आहे," एवढंच म्हणाल्या, आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. ह्या वेळी त्यांनी काच वर केली.

पहिल्याच कोपऱ्यावर काकांनी वेग कमी केला, इंडिकेटर लावला आणि म्हटलं, "हं?"

"मला काय विचारता? आरशात बघा."

काका आरशात बघू लागले. त्यात रस्त्याचा एक निमुळता तुकडा होता, एक बस होती, सायकलवर एक माणूस होता. सगळं बाहुल्यांच्या खेळातल्यासारखं छोटं. बस जवळ होती की लांब? ते बघेपर्यंत पुढची गाडी थांबली आणि ठेंगू तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिली. पुढे बघितलं तर आरसा राहिला. आरशात बघितलं तर पुढचं राहिलं. मागे हॉर्न सुरू झाले. कुणीतरी खिडकीतून ओरडलं, "आजोबा, वळा नाहीतर घरी जा!"

"तो घरी जा म्हणतोय," काका म्हणाले.

"ऐकलं मी," काकू म्हणाल्या. "काच लावलेली असली तरी."

त्यांनी आठवडाभर प्रयत्न केला. सकाळी रस्ते रिकामे असताना, मग शाळेमागच्या गल्लीत, मग इमारतीच्या आवारातच. मान वळेना, नजर वळली तर मन वळेना. आरशात काही नसलं तरी त्यांना ते खोटं वाटे, आणि काही असलं तर ते किती लांब हे कळत नसे. काकू बाजूला हात मांडीवर ठेवून गप्प बसलेल्या असत. ती शांतता काकांना सगळ्यात जड जाई. शेवटी एका सकाळी आवारातच त्यांनी इंजिन बंद केलं. घामाने शर्ट चहाच्या रंगाच्या कव्हरला चिकटला होता.

"अगं, मला गाडी येतच नाही," ते म्हणाले.

"काहीतरीच. इतकी वर्षं चालवलीत ना?"

"अर्धी चालवली. उरलेली अर्धी तूच चालवत होतीस. आता ती अर्धी शिकायची म्हणजे... ह्या वयात नाही जमत मला."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, म्हणजे कानांच्या दिशेने बघितलं. मग म्हणाल्या, "वर चला. चहा टाकते."

रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा काकांनीच आधी विषय काढला. "गाडी विकतोय. मला आता जमत नाही."

"खरंच बाबा? सुटलात! आई काय म्हणते?"

"आई म्हणते, बाबांना विचार."

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "माझं का नाही सांगितलंत?"

"गाडी मला येत नाही म्हणून विकतोय. खोटं कुठे बोललो? डोळ्यांचं तुझं तू सांग तिला. पण सांग."

"सांगते," काकू म्हणाल्या. आणि पुढच्या रविवारी खरंच सांगितलं. तो फोन फार लांबला आणि काका तेवढा वेळ जिन्यात जाऊन उभे राहिले.

जुन्या गाड्यांचा एजंट आला. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पत्र्यावर बोटं वाजवली, डाव्या दाराशी वाकून ओरखड्यांवरून नख फिरवलं आणि प्रत्येक ओरखड्यागणिक भाव खाली आणला. जावयाने सांगितलेल्या आकड्याशी त्याच्या आकड्याचं लांबचंही नातं नव्हतं.

"आरसा नवा दिसतोय," तो म्हणाला.

"आत्ताच बसवलाय."

"त्याचे काही मिळणार नाहीत हं. आणि ॲव्हरेज?"

"अठरा," काका म्हणाले. मग त्यांना राहवेना. "काच लावली तर."

"सीट कव्हरं आम्ही काढून टाकणार. कोण बसतंय असल्यांवर!"

"काढणारच होतात तर आधी सांगायचंत," काकू मागून म्हणाल्या. "परवाच शिवली मी, अंदाजाने. चार वेळा बोटात सुई गेली."

एजंटने किल्ली घेतली. ठेंगू फाटकातून बाहेर पडताना त्याने डावीकडच्या आरशात एकदा बघितलं आणि सहज वळला. काका ते बघत राहिले.

त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी वाचनालयात जायला टॅक्सी बोलावली. पुस्तकांचा दंड बराच झाला होता. दोघं मागे बसले. काकू डावीकडे गेल्या, त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. बसल्याबरोबर त्यांनी चाचपडत बटण शोधलं आणि काच खाली केली.

टॅक्सीवाल्याने मान मागे केली. "आजी, काच वर घ्या ना. एसी चालू आहे. ॲव्हरेज मार खातं माझं."

काकू बटणाकडे हात नेऊ लागल्या. काकांनी तो हात धरला.

"राहू द्या उघडी," ते टॅक्सीवाल्याला म्हणाले. "काच लावली की तिला दिसत नाही."

टॅक्सीवाल्याने आरशातून ह्या दोघांकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता, पण म्हाताऱ्यांच्या नादी लागायला तोही सकाळपासून दमलेला असावा. त्याने एसी बंद केला. बाहेरची गरम हवा आणि रस्त्याचा सगळा गलका आत आला. बँकेचा कोपरा जवळ येऊ लागला तशा काकू किंचित पुढे सरकल्या, चेहरा खिडकीकडे केला.

काका त्यांच्याकडे झुकले आणि टॅक्सीवाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "हं?"